‘असू दे, लागेल’चं ओझं

२५ जुलै २०२४ च्या सकाळी संपलेल्या चोवीस तासांत मुळशी तालुक्यातल्या ताम्हिणी घाटात ५५६ मिलिमीटर पाऊस नोंदवला गेला. पुणे शहराच्या वाट्याला अख्ख्या वर्षात सातशे-साडेसातशे मिलिमीटर येतो. म्हणजे शहराचा जवळपास पाऊण वर्षाचा पाऊस घाटाने एका दिवसात अंगावर घेतला. तो दिवस विक्रमी होता हे खरं, पण जुलै-ऑगस्टमध्ये दिवसाला शे-दोनशे मिलिमीटर पडला तर ताम्हिणीत कोणी भुवई उंचावत नाही.

आणि नेमक्या याच दिवसांत, शनिवारी सकाळी, चांदणी चौकातून पौड रस्त्याला लागणाऱ्या पोरापोरींच्या पाठीवरच्या सॅक बघाव्यात. बेत दोन दिवसांचा आणि एका रात्रीचा. मुक्काम धरणाच्या पाण्याजवळच्या कुठल्याशा होस्टेलात, आठ जणांच्या खोलीत, एकावर एक अशा पलंगांवर. खर्च कमीत कमी ठेवायचा हे सगळ्यांना मान्य. सॅकमध्ये मात्र अंगावरची धरून दोन जीन्स, चार सुती टी-शर्ट, एक जाडजूड हुडी, ‘संध्याकाळसाठी’ वेगळा शर्ट, टर्किशचा टॉवेल आणि बुटांचा दुसरा जोड. दुपारी अंधारबनच्या वाटेवर नाहीतर रस्त्याकडेच्या पहिल्याच धबधब्यात पहिली जीन्स भिजते. संध्याकाळी खोलीपर्यंत जाताना दुसरी. रात्री हुडीचा हात ओला, टॉवेल ओला, आणि सॅकला कव्हर नसल्यामुळे तळाशी ठेवलेले टी-शर्टही दमट. रविवारी परत निघताना सॅक येताना होती त्याहून जड असते आणि घालायला कोरडं काहीच नसतं.

एवढे कपडे नेऊन कोरडा एकही नाही, हा पावसाळी मुळशीतला नेहमीचा प्रकार आहे. कमी कपड्यांत प्रवास कसा करावा याचे सल्ले आता ढिगाने मिळतात, पण त्यांतले बहुतेक कोरड्या हवेच्या देशांत तयार झालेले. गुंडाळी करून भरा, रंग एकमेकांना जुळणारे घ्या, रोज रात्री धुऊन वाळत टाका. शेवटच्या वाक्यापाशी ताम्हिणीतला पाऊस हसत असणार. इथे प्रश्न किती कपडे न्यावेत हा नाहीच. नेलेल्यांपैकी कोणता जोड शेवटपर्यंत कोरडा राहणार, हा आहे. तो एकदा ठरला की बाकीचं ओझं आपोआप घरी राहतं.

कपडा वाळतो म्हणजे त्यातलं पाणी हवेत जातं. हवा आधीच पाण्याने भरलेली असली तर ते जाणार कुठे? जुलैत घाटमाथ्यावरच्या हवेत बाष्पाला फारशी जागाच उरलेली नसते. ढग खिडकीतून आत येतात, भिंतींना ओल येते, काडेपेटी पेटत नाही. अशा हवेत सुती कपडा तीन-तीन दिवस दोरीवर राहतो आणि नंतर वाळण्याऐवजी कुबट वास मारू लागतो. जोराचा पंखा थोडी मदत करतो, कारण कपड्याजवळची ओली हवा तो हलवतो. पण पावसात वीज जाते, आणि आठ जणांच्या खोलीतल्या एका पंख्याखाली आठ जणांच्या आठ पँटी असतात.

धाग्याधाग्यांत फरक आहे आणि तो बराच मोठा आहे. प्रयोगशाळेतल्या ठरावीक हवेत नुसता ठेवलेला सुती धागा आपल्या वजनाच्या आठेक टक्के ओलावा धरून बसतो, लोकर पंधरा-सोळा टक्के धरते आणि पॉलिस्टर अर्धा टक्कासुद्धा धरत नाही. हे न भिजवताच. भिजवल्यावर सुती कपडा पाणी पितो आणि ते सोडायला तयार नसतो. एक साधी जीन्स कोरडी असताना सहाशे ते आठशे ग्रॅम भरते. भिजली की नुसती हातानं पिळून दीडपटीच्या खाली येत नाही, मांड्यांना चिकटते, चढावर पाऊल उचलू देत नाही आणि वाऱ्यात अंगातली ऊब ओढून घेते. पावसाळी ट्रेकला जीन्स नको, असं सह्याद्रीत माणसं घेऊन फिरणारे गट वर्षानुवर्षं ओरडून सांगतात, ते दिसण्यासाठी नाही.

मग सगळं पॉलिस्टरच घ्यावं का? इथे जरा थांबायला हवं. पॉलिस्टर पटकन वाळतं, पण घामाचा वास सुतीपेक्षा जास्त धरतं, आणि होस्टेलच्या खोलीत वास हा एकट्याचा मामला राहत नाही. लोकर ओली झाली तरी बरीचशी ऊब राखते आणि वासही कमी धरते. पण मेरिनो लोकरीच्या बनियनच्या किमतीत मुळशीतले दोन-तीन मुक्काम निघतात. स्वस्त प्रवासासाठी महाग कपडे घेणं हा उफराटा व्यवहार झाला. हलकं सामान हा आता दुकानदारीचाच एक विभाग झाला आहे: हलकी सॅक, हलका टॉवेल, हलके मोजे, आणि शेवटी खिसाही हलका. वास्तविक पुण्यातल्या निम्म्या घरांत मॅरेथॉनमध्ये फुकट मिळालेले नाहीतर गणपती मंडळाच्या नावाचे पातळ टी-शर्ट कपाटात पडून असतात. छातीवर मंडळाचं नाव, पाठीवर सौजन्य म्हणून एखाद्या बिल्डरचं. घाटातल्या पावसासाठी त्याहून योग्य कपडा विकत आणायची गरज नाही.

मुळशीच्या माणसाने हा प्रश्न पूर्वी वेगळ्या रीतीने सोडवला होता. हा भाताचा मुलूख. इथल्या आंबेमोहोराला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. भातलावणी म्हणजे दिवस दिवस पाण्यात, चिखलात, वाकून. त्यासाठी इरलं असायचं: बांबूच्या कामट्यांचा सांगाडा आणि वर पानांचे थर. डोक्यापासून कमरेपर्यंत पाठ झाकणारं, दोन्ही हात मोकळे ठेवणारं आणि आतून हवा खेळती ठेवणारं. आजचा रेनकोट घालून घाट चढणारा माणूस बाहेरून पावसाने आणि आतून घामाने भिजतो. इरल्याखाली ही पंचाईत नव्हती. धनगराच्या खांद्यावर घोंगडी. ती पांघरूण, अंथरूण, खोळ आणि रेनकोट अशा चारही कामांना पुरे. घरी आल्यावर ओलं झालेलं चुलीच्या वर बांधलेल्या बांबूवर जायचं आणि धुराचा वास घेऊन का होईना, सकाळी अंगावर घालण्याजोगं व्हायचं. याचे गोडवे गाण्याचं कारण नाही. घोंगडी जड असते, भिजली की आणखी जड, आणि इरल्याची जागा आता प्लॅस्टिकच्या कागदाने घेतली ती शेतकऱ्याला सोयीची वाटली म्हणूनच. पण त्या घरांत एक हिशेब पक्का होता. भिजायचे कपडे वेगळे, झोपायचे वेगळे आणि वाळवायची जागा ठरलेली. होस्टेलात उतरणाऱ्या प्रवाशाला नेमकी हीच तीन कलमं हवी आहेत.

गंमत अशी की होस्टेल ही कल्पनाच मुळी पावसातून जन्मली. रिचर्ड शिरमान हे जर्मनीतले शाळामास्तर. मुलांना घेऊन पायी सहली काढायचा त्यांना नाद होता. २६ ऑगस्ट १९०९ रोजी अशाच एका सहलीत त्यांना वादळी पावसाने गाठलं आणि वाटेतल्या गावातल्या शाळेत आसरा घ्यावा लागला. वर्गातली बाकं बाजूला सारून, गवताच्या अंथरुणावर पोरं झोपली. मास्तर मात्र जागे राहिले आणि त्या रात्री त्यांच्या डोक्यात आलं की सुट्टीत रिकाम्या पडणाऱ्या शाळांमधून चालणाऱ्या मुलांची अशीच सोय का होऊ नये? पुढे १९१२ मध्ये आल्टेना गावच्या किल्ल्यात पहिलं कायमचं यूथ होस्टेल सुरू झालं. आपल्याकडे ही चळवळ १९४५ मध्ये सिमल्याजवळच्या तारादेवीला पोचली आणि १९४९ मध्ये यूथ होस्टेल्स असोसिएशन ऑफ इंडिया स्थापन झाली. सह्याद्रीत तर शिरमान मास्तरांचं नावही न ऐकलेले ट्रेकर घनगडाच्या पायथ्याच्या एकोले गावात किंवा कोरीगडाजवळच्या पेठ शहापुरात देवळाच्या ओसरीवर नाहीतर शाळेच्या व्हरांड्यात पथाऱ्या टाकत आले आहेत. या सगळ्या परंपरेत एक गोष्ट गृहीत होती. माणूस पायी येणार, भिजून येणार आणि पाठीवर मावेल तेवढंच आणणार.

पाठीवर किती मावावं याचा एक मासला पुण्या-मुंबईतल्या हजारो घरांना ठाऊक आहे. ‘यूथ होस्टेलचा ट्रेक’ म्हणजे या घरांत मे महिन्यातला हिमालय किंवा डिसेंबरातला गोवा. बेस कॅम्पवर पोचलं की तिथे सॅक मिळते आणि घरून आणलेल्या बॅगेतलं हवं तेवढंच तिच्यात भरून उरलेलं सामान तिथेच ठेवून द्यायचं असतं. कसोलला सार पासच्या कॅम्पवर हा तंबूतला प्रसंग बघण्यासारखा असतो. सॅक तोंडापर्यंत भरते, बाहेर अजून ढीग. मग वाटाघाटी सुरू. दुसरी जीन्स निघते. तिसरा स्वेटर निघतो. आईने दिलेला चिवड्याचा डबा निघतो, परत जातो, शेवटी तंबूत फिरवून संपवला जातो. टर्किश टॉवेल काढून कोणाकडून तरी पंचा उसना घेतला जातो. आणि आठवडाभराने खाली उतरल्यावर ठेवलेली बॅग उघडताना तिच्यातलं नेमकं काय लागलं असतं, हे कोणालाच सांगता येत नाही.

मग ते भरलं कशासाठी होतं?

मराठी घरात सामान भरताना एक वाक्य हमखास कानावर येतं: ‘असू दे, लागेल.’ ते बहुधा आई म्हणते, आजी म्हणते, आणि अलीकडे प्रवासी स्वतःच स्वतःला म्हणतो. यात माया असते, हे कबूल. पण त्यामागे एक जुनी भीतीही आहे: परक्या गावात काही मिळणार नाही, कोणी देणार नाही, आपण उघडे पडू. ज्या काळात वळकटी, ट्रंक आणि फिरकीचा तांब्या घेऊन माणसं आगगाडीत चढत, त्या काळात ती रास्त होती. वाटेत ना अंथरूण मिळे, ना भरवशाचं पाणी. आज पौडच्या बाजारात बनियनपासून छत्रीपर्यंत सगळं मिळतं. भीती मात्र ट्रंकेतून सॅकमध्ये आली. त्यात नव्या पिढीने आपली भर घातली ती फोटोची. दोन दिवसांच्या फोटोंत एकच टी-शर्ट दिसता कामा नये, या एका अटीपायी किती किलो कापड घाट चढतं याचा हिशेब कोणी मांडत नाही.

इतिहासाची आवड असणाऱ्यांना इथे पानिपत आठवेल. १७६१ च्या त्या मोहिमेत लढणाऱ्यांबरोबर यात्रेकरू, बायकामुलं आणि बुणगे मिळून केवढा तरी लवाजमा होता, आणि जड सामान नि कबिला मागे ठेवा असा सल्ला मल्हारराव होळकर आणि सूरजमल जाट यांनी दिल्याचं इतिहासकार नोंदवतात. तो मानला गेला नाही. पराभवाची कारणं अनेक होती आणि त्यांवर अजून वाद चालू आहेत. पण पोसायची तोंडं आणि सांभाळायचं सामान यांनी सैन्याचे पाय बांधले, याबद्दल फारसा वाद नाही. मावळ्यांचा मुलूख म्हणून मिरवणाऱ्या पौड खोऱ्यात शनिवारी-रविवारी जे बुणगे उतरतात त्यांनी एवढं लक्षात ठेवायला हरकत नाही.

ओझ्याचा आणि स्वस्ताईचा संबंध लोकांच्या लक्षात येत नाही तो असा. स्वारगेटहून ताम्हिणीमार्गे कोकणात उतरणारी एसटी मिळते, पौडपर्यंत पीएमपी जाते. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना निम्मं तिकीट आहे. एक छोटी सॅक असेल तर ती मांडीवर घेऊन माणूस कुठल्याही गाडीत घुसू शकतो आणि फाट्यावर उतरून तीन किलोमीटर चालू शकतो. सॅक मोठी झाली की एसटीतली गर्दी नकोशी वाटते, फाट्यापासून रिक्षा हवीशी वाटते, आणि मग चौघांत मिळून पुण्याहूनच गाडी ठरवली जाते. होस्टेलचा पलंग स्वस्त पडला. त्याच्या दुप्पट पैसे कपड्यांच्या वाहतुकीवर गेले. होस्टेलात पोचल्यावर लॉकर असतो शाळेच्या दप्तराएवढा. बाकीचं सामान पलंगाखाली, तिथे जागा नसली तर जायच्या-यायच्या वाटेत. रात्री दोन वाजता कोणी तरी त्याला अडखळतं आणि अख्खी खोली उठते.

नियमांवर विसंबून हे सुटणार नाही, कारण नियम बरेच उदार आहेत. रेल्वे स्लीपरच्या प्रवाशाला ४० किलो आणि सेकंड क्लासच्या प्रवाशाला ३५ किलो सामान फुकट नेऊ देते. विमानात केबिनमध्ये साधारण सात किलो आणि पोटात पंधरा. उलट २०२० च्या दप्तरविषयक धोरणात शाळकरी मुलाच्या दप्तराचं वजन त्याच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नसावं असं सांगितलं आहे. साठ किलोच्या प्रवाशाला तोच न्याय लावला तर सहा किलो होतात. पाणी, डबा, बॅटरी आणि चार्जर वजा जाता कपड्यांना दोन-अडीच किलो उरतात. मुळशीच्या दोन दिवसांना ते पुरून उरतात.

अंगावर एक पातळ, लवकर वाळणारी पँट आणि पूर्ण बाह्यांचा तसाच टी-शर्ट. हा ‘ओला जोड’. तो दोन्ही दिवस भिजणारच आहे, तेव्हा त्याच्याशी भांडू नये. सॅकमध्ये दुसरा, ‘कोरडा जोड’: सुती पायजमा नाहीतर ट्रॅकपँट, एक टी-शर्ट, एक पातळ स्वेटर, झोपताना घालायचे लोकरीचे मोजे आणि आतले कपडे. हा जोड जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत, तोंडाला गाठ मारून. ही गाठ फक्त छपराखाली गेल्यावर सुटेल, एवढा एकच नियम पाळायचा आणि तोच मोडला जातो. धबधब्यावरून आल्यावर कोरडे कपडे घालून चहाला बाहेर पडायचा मोह होतो, आणि तिथेच रात्रीची झोप गेली. खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी. उबदार पायजमा काढून पिशवीत बांधायचा आणि थंडगार, ओली पँट पायांत चढवायची. अंगावर काटा येतो, तोंडातून शिवी निघते, आणि दहा मिनिटं चाललं की सगळं विसरायला होतं. हे ज्याला जमलं त्याला तिसऱ्या जोडाची गरज पडत नाही. घाट अचानक बंद झाला, मुक्काम एका रात्रीने वाढला, तरी त्याच्याकडे कोरडं काही तरी असतं.

टॉवेलच्या जागी पंचा घ्यावा. आपल्या आजोबांनी त्याचे इतके उपयोग केले की ते सांगण्यातच वेळ जाईल. इथे एकच सांगण्याजोगा. ओला टी-शर्ट आधी हाताने पिळायचा, मग कोरड्या पंच्यावर पसरून दोन्हींची मिळून घट्ट वळकटी करायची आणि दोघांनी दोन टोकं धरून पीळ द्यायचा. पंच्यात जेवढं पाणी उतरतं ते बघून पहिल्यांदा करणारा चकित होतो. पातळ पॉलिस्टर यानंतर पंख्याखाली रात्रीतून वाळतं, दमट हवेतसुद्धा. पंचा पिळून टाकायचा, तोही सकाळपर्यंत कामाला येतो. टर्किश टॉवेलकडून ही अपेक्षा करू नये. बुटांसाठी जुना उपाय कालच्या पेपरचा: बोळे करून बुटात ठासून भरायचे, दोन तासांनी बदलायचे. या पानाचाही तसा उपयोग झाला तर तक्रार नाही.

हे सगळं पुरुषांना सांगणं सोपं आहे. कमी कपड्यांचे बहुतेक सल्ले पुरुषांच्याच सोयीने लिहिलेले असतात, आणि इथे त्या सल्ल्यांची फजिती होते. होस्टेलच्या मिश्र खोलीत पुरुष आपली चड्डी पलंगाच्या कठड्यावर बिनदिक्कत टाकतो. बाईने ब्रा तशी वाळत घातली तर खोलीतलं वातावरण बदलतं, हे तिला ठाऊक असतं. म्हणून ती ओढणीखाली, टी-शर्टच्या आत, कोपऱ्यात वाळत घालते, म्हणजे जिथे वारा नाही अशा ठिकाणी, आणि ती वाळत नाही. ओले आतले कपडे घालून दिवसभर चालणं म्हणजे जांघा सोलवटणं आणि खाज ओढवून घेणं. पाळीचे दिवस असतील तर आणखी जास्तीचे कपडे, जास्तीच्या पिशव्या. शिवाय वाटेतल्या वाडीतून जाताना लोक काय घातलंय ते बघतात, याची जाणीव सोबत असतेच. तिच्या सॅकमधले दोन जास्तीचे जोड हा ‘बायकांचा पसारा’ नाही. वाळवायला जागा न देणाऱ्यांनी तिच्या पाठीवर चढवलेलं वजन आहे ते.

हलक्या प्रवासाचं उदाहरण म्हणून वारकऱ्याकडे बोट दाखवायची पद्धत आहे. आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटरच्या आसपास वाट, तीन आठवड्यांहून थोडे कमी दिवस, आषाढातला पाऊस, आणि खांद्याला एक पडशी. चित्र खरं आहे, पण अर्धं. दिंडीबरोबर ट्रक असतो. वारकऱ्याची वळकटी, जास्तीचं धोतर-लुगडं त्यात असतं आणि मुक्कामाला मिळतं. मुक्कामाच्या गावात लोक अंगण देतात, ओसरी देतात, धुवायला पाणी देतात, वाळत घालायला दोरी बांधू देतात. मोकळ्या माळावर एका वेळी हजारो साड्या-धोतरं वाऱ्यावर वाळतानाचं दृश्य पालखीमार्गावर कोणीही बघावं. वारकरी कमी ओझं घेऊन चालू शकतो त्याचं श्रेय त्याच्या विरक्तीला जेवढं, तेवढंच वाटेवरच्या गावांनी केलेल्या व्यवस्थेला आहे. नुसतं ‘कमी न्या’ म्हणणारे हा दुसरा भाग सोयीस्करपणे गाळतात.

आणि मुळशीत नेमकी तीच व्यवस्था नाही. १९२१ मध्ये सेनापती बापटांनी ज्या धरणाविरुद्ध सत्याग्रह उभा केला त्याच्या पाण्याकाठी गेल्या काही वर्षांत राहण्याच्या जागा दाटीने उभ्या राहिल्या. देशातही होस्टेलांचं नवं पर्व सुरू झालं. २०१३ मध्ये जोधपूरला पहिलं झोस्टेल निघालं आणि पाठोपाठ गावोगावी तशी होस्टेलं आली. मुळशीतल्या जागांच्या जाहिरातींत काय नसतं? तरणतलाव, रेन डान्स, शेकोटी, डीजे, बार्बेक्यू. बाहेर आभाळ फाटलेलं असताना नळाखाली नाचायला पैसे देणारं गिऱ्हाईक मिळतं, हाही एक चमत्कारच. पण ओले कपडे कुठे टाकायचे, असं विचारलं की व्हरांड्याच्या कठड्याकडे बोट दाखवलं जातं, आणि व्हरांड्यात पावसाचे झोत आत येत असतात. इंग्लंड-स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या होस्टेलांत वाळवणीची स्वतंत्र खोली असणं ही नेहमीची गोष्ट आहे: गरम हवा, ओळीने दांड्या, खाली बुटांसाठी जागा. तिथला पाऊस ताम्हिणीच्या मानाने किरकोळ.

अशी खोली उभारणं फार खर्चाचं काम नाही. घट्ट दाराची एक लहान खोली, छताला जुन्या वाड्यांत असायच्या तशा आडव्या दांड्या, दोन पंखे, हवा बाहेर टाकणारा एक पंखा आणि लाइट गेल्यावर ते चालावेत यासाठी इन्व्हर्टर. बायकांसाठी पडदा टाकून वेगळा भाग. तळाला बुटांची फळी आणि रद्दीचा गठ्ठा. रेन डान्सच्या एका सेटच्या खर्चात यातलं बरंच काही होईल, आणि ओली पँट पलंगावर टाकल्याने खराब होणाऱ्या गाद्यांचा खर्च वाचेल तो वेगळा. हवं तर कपड्यामागे दहा-वीस रुपये घ्यावेत; देणारे आनंदाने देतील.

ट्रेकला माणसं नेणाऱ्या गटांनीही आपल्या सूचनांची यादी तपासावी. ‘एक्स्ट्रा कपडे आणावेत’ ही ओळ जवळपास प्रत्येक यादीत असते. तिच्यात एक्स्ट्रा म्हणजे किती ते नसतं, म्हणून घरात ‘असू दे, लागेल’ सुरू होतं. ‘झोपण्यासाठी एक कोरडा जोड, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून’ एवढं लिहिलं तर प्रत्येकाच्या सॅकमधलं किलो-दोन किलो वजन घरीच राहील.

जून यायच्या आत मुळशीतल्या मुक्कामाच्या जागांनी वाळवणीची खोली करावी. आणि वाचकांनी पुढच्या पावसाळ्यात जागा ठरवण्यासाठी फोन करताना जेवणात चिकन आहे का, हे विचारायच्या आधी कपडे वाळत घालायला कुठे जागा आहे ते विचारावं. चार गिऱ्हाइकांनी हा प्रश्न विचारला की पाचव्याला दोरी बांधलेली मिळेल.